घट्ट माडगं

वरकुट्याच्या सारजाला स्वयंपाक शिकवायला कुणी धजावलं असतं, तर तिनं त्याला चुलीपुढून हुसकून लावलं असतं. तिच्या हातच्या हुलग्याच्या माडग्यात पळी उभी राहायची. हे ती स्वतःच सांगायची, आणि समोरच्याला पटलं नाही तर उभी करून दाखवायची. हुलगे भाजून, दळून, त्या पिठाचं जे कढण करतात ते माडगं. जग ते पितं. सारजाच्या घरात ते बोटानं चाटून खाल्लं जायचं. पातळ रांधणारी बाई एक तर आळशी असते, नाही तर घरचं माणूस तिच्या मनातून उतरलेलं असतं, असं तिचं ठाम मत होतं, आणि सारजाच्या ठाम मतांना गावात कुणी हात लावत नसे.

त्या मतामागं एक मरण होतं. म्हस्कू पोटात असताना तिचा नवरा सिद्धू मेंढरांमागं हिंडता हिंडता परमुलखात तापानं आडवा झाला. तिथली एक बाई दया म्हणून रोज तांब्याभर पेज पाठवायची. पेज कसली, तांदळाचं धुवण. त्यावर अकरा दिवस काढून तो गेला. ताप होता, औषध नव्हतं, जवळ माणूस नव्हतं, हे सगळं खरं. पण सारजाच्या डोक्यात एकच बसलं की आपला माणूस पातळावर गेला. पुढं मेंढरं विकली, पाटाच्या पाण्याखाली चार एकर रान आलं, वांगी-मिरच्या बाजाराला जायला लागल्या. बाईचे केस पांढरे झाले. माडगं काही पातळ झालं नाही.

छप्पन सालच्या थंडीत एक दिवस म्हस्कू गोठ्यापुढं वाकून खुंटी ठोकत होता. मेंढरं गेली तरी हौसेखातर आठ-नऊ ठेवली होती, त्यातला एडका समोर उभा होता. एडक्याचा तरी काय दोष? कुणी डोकं खाली घालून समोर आलं की त्याच्या जातीला एकच गोष्ट ठाऊक असते. तो चार पावलं मागं सरला आणि आला. म्हस्कूची हनुवटी दोन ठिकाणी मोडली, पुढचा एक दात रक्तासकट मातीत पडला, आणि चोवीस वर्षांचा तो उभा गडी लहान पोरासारखा तोंड धरून बसला.

एस.टी.नं बारामतीला नेलं. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, म्हणाले. पडलेल्या दाताची जी फट होती तीतून जाईल एवढी एक तांबूस रबरी नळी दिली, चांगली चार हात लांब. लागेल तेवढी कापून घ्या, सगळं पातळ करून हिच्यातनं पाजा, एवढं सांगून ते दुसऱ्या रोग्याकडं वळले. सारजानं मान डोलावली. नळी तिनं कापली नाही, कारण चांगली वस्तू कापून तिचे तुकडे करणं तिला कधी जमलं नव्हतं. आणि पातळ म्हणजे भाकरी नको, असा तिनं अर्थ घेतला.

घरी आल्यावर तिनं माडगं केलं. नेहमीपेक्षा, तिच्या मते, बरंच सैल. पळी उभी राहिली नाही, हळूहळू कलली. वाडगा म्हस्कूच्या मांडीवर ठेवून तिनं नळीचं एक टोक त्यात बुडवलं, दुसरं त्याच्या दाताच्या फटीत सारलं आणि समोर पदर सावरून बसली.

म्हस्कूनं ओढलं. ओठ सुजलेले, नळीभोवती नीट मिटेनात, बाजूनं वारं शिरायचं आणि नुसता फुर्रर आवाज यायचा. त्यानं दोन्ही हातांनी ओठ दाबून धरले आणि पुन्हा ओढलं. माडगं नळीत वीतभर चढलं आणि थांबलं. त्यानं आणखी जोर केला तशी नळीच आतल्या आत चपटी झाली, जिभेसारखी. दम सोडला की नळी फुगायची आणि चढलेलं माडगं मुकाट खाली उतरायचं. जितका जोर करावा तितकी वाट बंद. बऱ्याच वेळानं एक घोट तोंडात आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. वाडगा भरलेलाच दिसत होता.

"आये," तो बांधलेल्या दातांतून म्हणाला. त्याचे शब्द आता चपटे होऊन बाहेर यायचे, पण कळायचे. "जरा पातळ कर की."

सारजानं डोळ्याला पदर लावला. "तुजा बाप पातळावर गेला रं. अकरा दीस पानी पीत हुता. तू बी तसाच जायाचा का मला टाकून? माज्याच्यानं न्हाय व्हनार, लेकरा. हळूहळू पी. वाडगा संपला म्हंजी मला घास गोड लागंल."

म्हस्कू तिच्याकडं बघत राहिला. त्याची बायको भागूबाई पहिल्या बाळंतपणाला लोणी भापकरला माहेरी गेली होती. घरात दोघंच. ज्या बाईनं त्याला एकटीनं वाढवलं तिला तो पुन्हा कधी पातळ कर म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सारजा रानातून आली तेव्हा उंबऱ्यात वाडगा ठेवलेला होता, चाटूनपुसून लख्ख. तिनं तो उचलून कपाळाला लावला.

रोज असंच चाललं. सकाळी ती त्याच्या हाताशी वाडगा ठेवून वांगी तोडायला जायची, दुपारी येऊन बघायची तो वाडगा रिकामा. संध्याकाळचा वाडगाही ती गोठ्यातनं येईपर्यंत संपलेला असायचा. चहा आणि पाणी तेवढं ती समोर असताना तो सरसर ओढायचा, पण चहात काय असतं? रंग. शेळीचं दूध होतं, तर ते ती आटवून निम्मं करायची आणि वर मूठभर बाजरीचं पीठ लावायची. दुधाला दम पाहिजे, म्हणायची.

आणि म्हस्कू वाळत चालला. पहिल्या आठवड्यात सूज उतरली म्हणून तोंड लहान दिसतंय असं तिनं स्वतःला समजावलं. दुसऱ्या आठवड्यात करगोटा कमरेवरून घसरायला लागला. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, बिरोबाचा भंडारा कपाळाला लावला. सिद्धूचा चुलतभाऊ गेणबा शेजारीच राहायचा. तो रोज येऊन ओसरीवर बसायचा आणि जाताना एक शंका टाकून जायचा.

"वैनी, खातोय तर जातंय कुटं?"

"तेच कळंना भावजी. वाडगा रोज संपतोय."

"मग कमी पडत आसंल."

सारजाला ते पटलं. तिनं पिठाची मूठ वाढवली, गूळ घातला, वरून तूप सोडलं. पुन्हा पळी उभी राहायला लागली.

एकविसाव्या दिवशी दोघं बारामतीला गेली. डॉक्टरांनी म्हस्कूला काट्यावर उभं केलं, मग कागद बघितला, मग सारजाकडं बघितलं. "बाई, सतरा पौंड उतरलाय हा. खायला घालता की नाही?"

सारजाला ते जिव्हारी लागलं. "डाक्टरसायेब, दोन वक्ताला वाडगा वाडगा जातोय. त्येलाच इचारा."

"काय देता?"

तिनं सांगितलं. सांगताना तिला थोडा अभिमानच वाटत होता. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, आणि मग कसे कोण जाणे, रागवायच्या ऐवजी समजावायला बसले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी पुढं ओढला. "हे बघा. आपल्याला वाटतं आपण ओढतो. खरं म्हणजे आपण तोंडात नुसती जागा करतो. बाहेरची हवा भांड्यावर दाब देते आणि ती वर ढकलते. हवेचा जोर ठरलेला. पाणी ती झटक्यात ढकलेल. तुमचं ते घट्ट माडगं बारीक नळीतनं ढकलायला तिचा जोर पुरायचा नाही, आणि ह्याच्या मोडक्या जबड्याचा तर त्याहून नाही. नळी लांब असली तर आणखी जड. दुप्पट रुंद असती तर धार सोळापट आली असती, पण ह्याच्या तोंडात जागा एका दाताची आहे."

"मग आनखी एक दात काढा की," सारजा म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. "दात नको. पातळ करा. पाण्यासारखं करा आणि दिवसातनं दहादा द्या." मग ते म्हस्कूकडं वळले. "काय रे, जातं का ते तुला?"

म्हस्कूनं आईकडं बघितलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, परक्या घरी बसावं तशी. तिच्या पायांत चप्पल नव्हती, बाहेर काढून आली होती.

"जातंय," तो म्हणाला.

सारजाला बरं वाटलं. परतीच्या एस.टी.त तिनं डॉक्टरांच्या बोलण्यावर खूप विचार केला. वारं माडगं ढकलतं म्हणे. माणूस शिकलेला होता, चांगला होता, पण त्यानं पातळावर कुणी जाताना बघितलं नव्हतं. सतरा पौंड उतरलेल्या पोराला पाणी पाजायचं तर मग त्यात उरणार काय? तिनं मनाशी ठरवलं की दहादा द्यायचं हे बरोबर, पण घट्टच द्यायचं. आता इथं तिला कुणी शिव्या घालायच्या असतील तर घालाव्यात. पण तिच्या जागी बसून घालाव्यात.

पुढं चार दिवस तिनं तसंच केलं, रानातनं मधनंमधनं येऊन वाडगा भरून ठेवायची आणि पुन्हा जायची. म्हस्कू आता भिंतीला टेकून बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. हाक मारली की हसायचा. गाल आत गेल्यामुळं ते हसणं बघवत नव्हतं.

सव्विसाव्या दिवशी ती रानात गेली आणि विळा घरीच राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. अंगणात पाऊल टाकलं तर आतून आवाज आला, लपलप लपलप. दार लोटलेलं होतं. फटीतून तिनं बघितलं.

म्हस्कू उंबऱ्याशी कुशीवर पडला होता. त्यानं वाडगा तिरका धरला होता आणि घरचा कुत्रा खंड्या त्यात तोंड घालून खात होता. कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं होतं. तिच्या कसं लक्षात आलं नाही? कडेला चिकटलेलं म्हस्कू बोटानं निपटून खंड्यापुढं धरत होता, वाडगा फिरवून बघत होता, राहिलेला डाग पुन्हा कुत्र्याला दाखवत होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं आंधळी स्वतः दाराआड उभी होती.

पहिल्यांदा तिला राग आला. असा की हातात विळा असता तर तिनं कुत्र्याचं नाही तर पोराचं काही तरी केलं असतं. माझ्या हातचं अन्न कुत्र्याला! पहाटे उठून भाजलेले हुलगे, तूप, गूळ! ती पाय न वाजवता मागं फिरली आणि बांधावर जाऊन बसली. तिथं बसल्यावर राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी नुसती भीती राहिली. कारण मग हा पोरगा सव्वीस दिवस कशावर जगत होता, हा प्रश्न तिच्यापुढं येऊन बसला. चहावर. पाण्यावर.

दुपारी ती घरी आली तेव्हा वाडगा उंबऱ्यात होता, लख्ख. म्हस्कू झोपला होता. भांड्यात सकाळचं माडगं उरलेलं होतं. तिनं थोडं वाडग्यात घेतलं, नळी धुतली आणि चुलीपुढं भिंतीकडं तोंड करून बसली. मग तिनं दातांवर दात घट्ट धरले, त्याचे धरलेले असतात तसे. तिचा खालचा एक दात कधीच पडला होता, त्या फटीत नळी सारली आणि ओढलं.

काही आलं नाही. तिनं पुन्हा ओढलं. नळी चपटी झाली. तिनं ओठ दाबून, डोळे मिटून, कानांत गरगरेपर्यंत ओढलं. माडगं इंचभर वर आलं आणि श्वास घ्यायला ती थांबली तसं खाली गेलं. तिचा जबडा मोडलेला नव्हता, पोट सकाळच्या भाकरीनं भरलेलं होतं, आणि तरी तिच्यानं एक घोट होईना. तिनं तो प्रयत्न बराच वेळ केला, कारण आलं नाही यावर तिचा विश्वास बसत नव्हता. शेवटी ती नळी हातात धरून नुसती बसून राहिली.

मग ती उठली. रांजणातलं पाणी तांब्यात घेतलं आणि माडग्यात ओतलं. ढवळून पळी उचलली तर धार लागली. आणखी ओतलं. कढवून, फडक्यातून गाळून, कोमट करून ती म्हस्कूपाशी आली आणि त्याला जागं केलं.

"पी."

त्यानं वाडग्यात बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. नळी तोंडात घेऊन ओढली. आलं. पहिला घोट गळ्यातून उतरताना सारजाला दिसला. दुसरा, तिसरा. सातव्या घोटाला तो थांबला. डोळे मिटले, मान भिंतीला टेकली. त्याच्या कपाळावर पुन्हा तसाच घाम आला होता. आता माडगं पातळ होतं आणि ओढायला माणसात जोर उरला नव्हता.

"जातंय न्हवं?" तिनं विचारलं.

"जातंय," तो म्हणाला. हा शब्द आता तिला ओळखू यायला लागला होता.

ती घरभर फिरली. गेणबाला हाक मारली, तो आला आणि हात चोळत उभा राहिला. चमच्यानं ओठात सोडून बघितलं, ते निम्मं हनुवटीवरून सांडलं. बारामतीची एस.टी. उद्या सकाळी होती. काय करावं हे कुणालाच सुचेना. आणि मग कसं कोण जाणे, सारजाला इंदापूरच्या बाजारातला रॉकेलवाला आठवला. तो पिपातून रॉकेल काढताना नळी पिपात सोडायचा, दुसऱ्या टोकानं एकदाच तोंडानं ओढायचा, थुंकायचा आणि टोक खाली डब्यात धरायचा. मग रॉकेल आपलं आपण येत राहायचं. ओढायला कुणी लागायचं नाही. पीप उंच आणि डबा खाली, एवढंच लागायचं.

ती बाजेवर चढली. तांब्यात पातळ माडगं भरून तिनं नळीचं टोक त्यात बुडवलं, दुसरं स्वतःच्या तोंडात घेऊन ओढलं. तोंड भरलं तशी नळी चिमटीत दाबून तिनं ती खाली गेणबाकडं दिली, आणि गेणबानं ती म्हस्कूच्या दाताच्या फटीत सारली. म्हस्कू खाली जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. सारजानं तांब्या डोक्याच्याही वर उचलला.

"नळी बोटात धर," ती म्हणाली. "नगं वाटलं की दाब. बाकी तू काय करू नगं. नुसता गीळ."

माडगं उतरायला लागलं. म्हस्कूचा गळा हलला, थांबला, पुन्हा हलला. पीठ तळाशी बसून नळी अडायची, म्हणून सारजाला तांब्या सारखा हलवावा लागत होता. गेणबा म्हणाला, आढ्याला टांगून ठेवू. तर टांगून ते हललं नसतं. मग तो म्हणाला, माझ्याकडं द्या. तिनं दिला नाही. हात खांद्यापासून भरून आले, मग जड झाले, मग ते आपले आहेत की नाहीत हेही कळेनासं झालं.

"आये," म्हस्कूनं नळी चिमटीत दाबून धरली. "घडीभर बस. हात दुखत आसतील."

"पी तू."

"म्या खंड्याला घालत हुतो."

"म्हाईत हाय."

"तुला वाईट वाटलं आसतं."

तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीवर आलं, पण दोन्ही हात वर होते, पुसायची सोय नव्हती. "बोलू नगं," एवढंच ती म्हणाली. म्हस्कूनं बोट सैल केलं.

तांब्या रिकामा झाला. नळीत शेवटी खुळखुळ वाजलं आणि गेणबानं ती काढून घेतली. म्हस्कू डोळे मिटून बसला होता. त्याला झोप लागली असं वाटून सारजा बाजेवरून उतरायला लागली, तेवढ्यात तो दातांतून, अगदी हळू म्हणाला, "आनखी हाय का?"

हे तिनं सव्वीस दिवसांत ऐकलं नव्हतं. मागत नाही म्हणजे पोट भरतंय, असं ती समजून चालली होती. आणखी होतं. चुलीवर भांडंभर होतं, सव्वीस दिवस रोज होतं. ती तशीच तांब्या घेऊन उतरली आणि पाण्याच्या रांजणाकडं गेली.